पाय दाबला, पण गाडी निघेना!

सातारा ते कराड महामार्गालगतच्या नऊ गावांतल्या बचत गटांचा आमचा संघ. आज आम्ही मसाल्याच्या भावाबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज विषय आहे गाडीचा. त्यातही डिझेलवर चालणारी, टर्बो असलेली आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी. अशा गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला तरी ती लगेच का निघत नाही, हे आज समजून घेऊ.

कुणी म्हणेल, हा तर पुरुषांचा विषय. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण त्या एका-दोन सेकंदांच्या उशिानं आमच्या चार बायकांचा जीव टांगणीला लागला, आणि एका ताईच्या हातातली किल्ली जायची वेळ आली. म्हणून हा विषय आम्ही शिकलो. जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

फाट्यावर काय झालं?

आमच्या संघाचं मसाला आणि पापडाचं युनिट आहे. माल बाजारात पोचवायला आम्ही एक जुनी, सात सीटची डिझेल गाडी घेतली. ऑटोमॅटिक गिअरची मुद्दाम घेतली. आमच्या चालक ताईंचा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबून दाबून तो सुजायचा. ऑटोमॅटिकला क्लचचं पेडलच नाही. आणखी दोघींना शिकायलाही सोपं गेलं. आम्ही खूश होतो.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामातली गोष्ट. सकाळची वेळ. गाडीत ताई धरून पाच जणी, मागं मसाल्याची खोकी. गावचा रस्ता जिथं महामार्गाला मिळतो, त्या फाट्यावर ताईंनी वेग कमी केला. पूर्ण थांबल्या नाहीत, गाडी हळूहळू रांगत पुढं घेतली. उजवीकडून दुधाचा टँकर येत होता, पण लांब होता. ताईंनी अंदाज घेतला आणि पाय दाबला.

गाडी नाही निघाली. म्हणजे बंद पडली असं नाही. इंजिन चालू होतं, गाडी पुढं सरकतही होती, पण मुंगीच्या पावलानं. एक... दोन... ताईंनी घाबरून पाय आणखी दाबला. आणि मग गाडी एकदम अशी उसळली की मागची खोकी कोसळली. टँकरवाला ब्रेक मारून, हॉर्न वाजवत बाजूनं गेला. कुणाला खरचटलं नाही. पण घरी येईपर्यंत कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्याच आठवड्यात संघाची बैठक झाली. एक जण म्हणाली, “ताईंना गाडी नीट येत नाही.” ताई म्हणाल्या, “मी पाय दाबला होता, गाडीच निघाली नाही.” तर मागून आवाज आला, “नाचता येईना, अंगण वाकडं!” सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि उठून गेल्या.

आमच्या अध्यक्षा काकूंनी किल्ली उचलली नाही. त्या म्हणाल्या, “हिशोबात फरक आला तर आपण आधी वही बघतो, मग माणसावर बोट ठेवतो. इथं वही कुठं बघितली?” मग आम्ही वही बघायची ठरवली. म्हणजे गाडी समजून घ्यायचं ठरवलं.

चूल आणि फुंकणी

मैत्रिणींनो, चूल आठवा. चुलीत लाकडं जास्त घातली आणि हवा कमी पडली तर काय होतं? धूर होतो. डोळे चुरचुरतात, भांडी काळी होतात, जाळ काही होत नाही. मग आपण फुंकणी घेतो. फुंकर घातली की जाळ भडकतो. लाकडं तीच, फक्त हवा वाढली.

डिझेल इंजिनाचंही तसंच. त्यात पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की डिझेल आपोआप पेट घेतं. जितकी हवा जास्त, तितकं डिझेल नीट जळणार आणि तितकी ताकद मिळणार.

ही हवा वाढवणारी फुंकणी म्हणजे टर्बो. त्यात एकाच दांड्यावर दोन बाजूंना दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. दांडा एकच, त्यामुळं दुसरा पंखाही फिरतो आणि बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली तिचं पेटंट घेतलं. आज जवळपास प्रत्येक डिझेल कार, जीप, पिकअपमध्ये टर्बो असतो.

आता यातली गोम बघा. पंखा फिरायला धूर पाहिजे. जास्त धूर यायला इंजिन जोरात चालायला पाहिजे. आणि इंजिन जोरात चालायला जास्त हवा पाहिजे, जी पंखा फिरल्याशिवाय येत नाही! गाडी नुसती उभी असते तेव्हा इंजिनाचे मिनिटाला साधारण 800 फेरे होतात. तेव्हा धूर थोडा, टर्बो जवळपास झोपलेला. बऱ्याच गाड्यांत इंजिन 1500 ते 2000 फेऱ्यांवर गेलं की टर्बो खरा जागा होतो. पूर्ण जोरात तो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. झोपेतून उठून एवढ्या वेगाला जायला वेळ लागणारच. जात्याचं पहिलं ओढणं जड असतं, एकदा गती आली की ते हलकं होतं, तसंच. या उशिराला गॅरेजवाले ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

पेडल म्हणजे हुकूम नाही, अर्ज आहे

आमच्या ताईंच्या पायात आणि गाडीच्या चाकात टर्बो हा एकटाच अडथळा नव्हता. एकूण तीन टप्पे निघाले. बँकेच्या कर्जासारखे. आपण अर्ज देतो, मग ठराव होतो, मग बँक तपासते, मग पैसे खात्यावर. प्रत्येक टप्पा म्हणतो, मी काय फार वेळ घेत नाही. पण बेरीज मोठी होते.

पहिला टप्पा पेडलचा. जुन्या गाड्यांत पेडलपासून निघालेली केबल थेट डिझेल पंपाला जायची. आताच्या गाड्यांत पेडलखाली सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला सांगतो, “एवढा पाय दाबलाय.” किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हवा पुरेशी आलेली नसेल तर तो डिझेल हात राखून सोडतो, कारण नाहीतर काळा धूर होईल. जुन्या जीपा पाय दाबला की काळा लोट सोडायच्या, आठवतं ना? चुलीत लाकडं जास्त आणि हवा कमी, तोच प्रकार. आता प्रदूषणाचे नियम कडक झालेत. देशभर 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. म्हणून नवी गाडी धूर सोडण्यापेक्षा थांबणं पसंत करते. गाडीला ‘इको’ बटण असेल आणि ते चालू असेल तर पेडल आणखी मऊ वागतं.

दुसरा टप्पा गिअरचा. ऑटोमॅटिक गाडी कुठला गिअर टाकायचा ते स्वतः ठरवते. पण सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या नसतात. एका प्रकारात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलात फिरणारे पंखे असतात, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ही गाडी गुळगुळीत निघते. दुसरा प्रकार एएमटी. यात गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीसारखेच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. ही गाडी स्वस्त पडते, पण गिअर बदलताना क्षणभर थांबते, मान हलल्यासारखा झटका जाणवतो. तिसऱ्या प्रकारात दोन क्लच असतात आणि गिअर पटकन बदलतो. आमची गाडी एएमटी होती. हे आम्हाला घेताना कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तिसरा टप्पा हवेचा, म्हणजे टर्बोचा. तो आपण बघितलाच.

मग प्रश्न येतो, साध्या गिअरच्या गाडीला टर्बो नसतो का? असतो. पण तिथं चालक अर्धा क्लच धरून इंजिनाचा आवाज आधीच वाढवतो. टर्बो जागा होतो, मग क्लच सुटतो. उशीर तिथंही असतो, फक्त चालकाचा डावा पाय तो झाकून टाकतो. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. म्हणून उशीर उघडा पडतो.

आता फाट्यावरचा प्रसंग पुन्हा बघा. ताई पूर्ण थांबल्या नव्हत्या. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती, इंजिनाचे फेरे अगदी कमी, टर्बो झोपलेला. ताईंनी पाय दाबला. कॉम्प्युटरनं अर्ज घेतला. गिअरबॉक्सनं दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं ठरवलं, त्यात वेळ गेला. मग हवेची वाट. तेवढ्यात घाबरून ताईंनी पाय आणखी दाबला, म्हणजे मोठा अर्ज दिला. हवा आली तेव्हा गाडीनं सगळा अर्ज एकदम मंजूर केला आणि ती उसळली. अशा गाडीत सगळ्यात जास्त उशीर उभं राहून निघताना होतो असं नाही. रांगत येऊन अचानक पाय दाबला की तो बऱ्याचदा जास्त जाणवतो.

दोन सेकंद म्हणजे किती?

“दोन सेकंदांनी काय होतं?” असं आम्हालाही वाटलं होतं. मग गटातल्या दहावीला गणित शिकवणाऱ्या ताईंनी फळ्यावर हिशोब मांडला. ताशी 60 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढं येते. दोन सेकंदांत 33 मीटर, म्हणजे ओळीनं उभ्या तीन एसटी गाड्या. ताशी 80 असेल तर दोन सेकंदांत 44 मीटर, म्हणजे चार एसटी गाड्या. टँकर लांब होता हा ताईंचा अंदाज खरा होता. पण मधल्या दोन सेकंदांत टँकर तीन-चार एसट्यांइतका जवळ आला, आणि आपली गाडी तिथंच होती.

हिशोब फळ्यावर आला तेव्हा बैठकीत कुणी हसलं नाही.

स्वभाव कोणता, आजार कोणता?

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. थोडा उशीर हा अशा गाडीचा स्वभाव आहे. तो दुरुस्त होत नाही, समजून घ्यावा लागतो. पण आधी कमी असलेला उशीर वाढत गेला तर तो आजार आहे. त्यावर इलाज होतो. दोन्हीची गल्लत केली की एकतर पैसा जातो, नाहीतर जीव.

आमचंच बघा. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथं बॉनेट उघडून, इंजिन दोनदा जोरात करून सांगितलं, “टर्बो गेला, बदलावा लागेल.” खर्च ऐकून आमच्या खजिनदार वहिनी मटकन खाली बसल्या. पन्नास हजारांच्या वर आकडा होता. दुसऱ्या एका जाणत्या माणसानं उलट सांगितलं, “काही झालं नाही, डिझेल ऑटोमॅटिक अशीच असते, सवय करून घ्या.” एक म्हणतो मोठा आजार, दुसरा म्हणतो आजारच नाही.

मग आम्ही तिसऱ्या फिटरकडं गेलो. त्यांनी आधी पेनाएवढा टॉर्च घेतला आणि एअर फिल्टर उघडला. फिल्टरमध्ये फुफाटा गच्च भरलेला. आमचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर पुढं आणि त्यांची धूळ मागं. मग त्यांनी टर्बोपासून इंजिनाकडं हवा नेणारा रबरी पाइप बघितला. एका जोडावर तेलाचा ओला डाग, आणि क्लिप सैल. म्हणजे टर्बो बिचारा हवा दाबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. फाटकी फुंकणी! फिल्टर बदलला, पाइप आणि क्लिप बदलली. सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं.

उशीर पूर्ण गेला का? नाही. पण निम्म्यावर आला. उरलेला निम्मा हा तिचा स्वभाव.

घरच्या घरी ओळखायच्या खुणा

पहिली खूण कानाची. पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढं जात नाही, असं असेल तर दुखणं बहुतेक क्लच किंवा गिअरबॉक्सकडं. आणि पाय दाबला तरी आवाजच वाढत नसेल, इंजिन दबल्यासारखं वाटत असेल, तर दुखणं बहुतेक हवेकडं किंवा डिझेलकडं. एवढं सांगितलं तरी फिटरचं अर्धं काम होतं.

दुसरी खूण धुराची. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. एअर फिल्टर आणि हवेचे पाइप आधी बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. त्यासोबत ऑइल वरचेवर कमी होत असेल आणि भोंग्यासारखा चढता आवाज येत असेल, तर मात्र टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे.

तिसरी खूण आवाजाची. पाय दाबताच ‘स्स्स्’ असा हवा सुटल्याचा आवाज येत असेल तर पाइप फाटलेला किंवा जोड सैल असू शकतो.

चौथी खूण डॅशबोर्डवरच्या दिव्याची. पिवळा इंजिनाचा दिवा लागला असेल तर गॅरेजवाल्याला स्कॅनर लावायला सांगा. गाडीचा कॉम्प्युटर दुखण्याचा कोड लिहून ठेवतो. काही वेळा तो इंजिनाला वाचवण्यासाठी मुद्दाम ताकद कमी करतो, मग गाडी कितीही दाबा, ओढत नाही. बीएस-6 गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर तो भरत जातो, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. त्याचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ सलग चालवावी लागते. दिवा तसाच लागलेला ठेवून महिनाभर फिरू नका.

आणि खर्चात पडण्याआधी फुकटातल्या गोष्टी बघा. हँडब्रेक अर्धवट ओढलेला नाही ना? टायरमध्ये हवा बरोबर आहे ना? इको बटण चालू राहिलंय का? गाडीत माणसं आणि माल किती आहे? डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला?

कागदी एअर फिल्टर पाण्यानं धुऊ नका, धोपटू नका. कागद फाटला की धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते. आमच्यासारखे फुफाट्याचे रस्ते असतील तर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच तो उघडून बघा.

फिटरकडं जाताना चार गोष्टी विचारा. कोड काय आला? स्वस्तातली कारणं तपासली का? टर्बो गेला म्हणता, तर पंख्याचा दांडा हलतोय का ते दाखवा. आणि बदललेला जुना भाग आम्हाला परत द्या. हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. भाजी घेतानाही आपण देठ मोडून बघतोच.

आणखी एक. ‘ही डबी पेडलला जोडा, गाडी विमानासारखी पळेल’ असं सांगून एक वस्तू विकली जाते. ती फक्त पेडलचा अर्ज मोठा करून कॉम्प्युटरला देते. कमी पाय दाबून जास्त दाबल्यासारखं वाटतं. टर्बोची हवा त्यानं लवकर येत नाही, आणि फुटका पाइपही जुळत नाही. संघाचा पैसा त्यात घालू नका.

वहीत नोंद ठेवा

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेत. तेच आम्ही गाडीला लावलं. महिन्यातून एकदा, आठवडे बाजार नसेल त्या दिवशी, बाजाराच्या रिकाम्या मैदानावर गाडी नेतो. एक जण चालवते, दुसरी मोबाइलचं घड्याळ लावते. आजूबाजूला माणूस, मूल, जनावर नाही याची खात्री करतो. गाडी पूर्ण थांबलेली, एसी बंद, आत दोघीच. पाय नेहमीइतका दाबायचा आणि काटा 20 वर जायला किती सेकंद लागले ते लिहायचं. तीनदा करायचं आणि मधला आकडा धरायचा. दर महिन्याला तीच जागा आणि तीच पद्धत.

तुमच्या गाडीचा आकडा आमच्यासारखा नसेल, आणि त्यानं काही बिघडत नाही. आपला आकडा आपल्याच मागच्या महिन्याशी जुळवायचा. तो वाढायला लागला की समजायचं, गाडी काहीतरी सांगतेय. ही चाचणी रस्त्यावर कधीही करू नका.

स्वभाव सांभाळून चालवायचं कसं?

आमच्या ताईंनी आता चार सवयी लावून घेतल्यात. नव्यानं शिकणाऱ्या दोघींनाही त्याच शिकवतात.

फाट्यावर रांगत जायचं नाही. पूर्ण थांबायचं. त्यानं गाडी पहिल्या गिअरवर येऊन तयार राहते आणि आपल्यालाही दोन्ही बाजू नीट दिसतात.

समोरची मोकळी जागा आपल्याला पुरेशी वाटते, त्याहून मोठी धरायची. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ एवढा वेळ गाडी जागेवरच राहणार असं गृहीत धरून मग अंदाज करायचा. शंका आली तर जायचं नाही. दुभाजकातून आडवं घुसण्यापेक्षा सर्व्हिस रोडनं पुढं जाऊन पुलाखालून वळायचं. डिझेल चार रुपयांचं जास्त जाईल, जाऊ द्या.

ओव्हरटेक करायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हर बाजूला ओढून आपण स्वतः गिअर निवडू शकतो. आधी एक गिअर खाली घेतला की इंजिनाचे फेरे वाढतात, टर्बो जागा होतो, मग पाय दाबला की गाडी लगेच ऐकते. पुण्याच्या प्रदर्शनाहून परत येताना खंबाटकीच्या चढावर ताई असंच करतात.

पाय दाबला आणि गाडी निघाली नाही तर घाबरून तळापर्यंत दाबायचा नाही, नाहीतर ती उसळते. आणि चढावर एएमटी गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. क्लच तापून जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरायचा.

टर्बोचीही काळजी घ्या. त्याचा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून सकाळी गाडी चालू केल्या केल्या जोरात दाबू नका. घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्या दर्जाचंच घाला. ऑइलमध्ये वाचवलेले पैसे टर्बो व्याजासकट वसूल करतो.

ज्यांच्याकडं गाडी नाही, त्यांनीही एक ऐकावं. वडापच्या जीपमध्ये बसल्यावर मागून “काढा हो, निघेल गाडी” असं चालकाला म्हणू नका. त्याच्या पायाखालचा उशीर आपल्याला दिसत नाही. आणि फाट्यावर इंजिन चालू असलेल्या गाडीच्या पुढून आडवं जाऊ नका. गाडी हलत नाही म्हणजे चालकानं पाय दाबलेला नाही, असं नसतं. त्याचा अर्ज कदाचित आधीच गेलेला असतो.

किल्लीचं काय झालं?

पाइप बदलल्यावर पुढच्या बैठकीत ताईंना बोलावलं. अध्यक्षा काकूंनी तो फाटका पाइप आणि मातीनं भरलेला फिल्टर टेबलावर ठेवला. किल्ली अजून त्याच टेबलाच्या खणात होती. ‘अंगण वाकडं’ म्हणणारी आमची मैत्रीण स्वतः उठली, किल्ली काढली आणि ताईंच्या हातात दिली. म्हणाली, “ताई, अंगण खरंच वाकडं होतं.”

ताईंनी किल्ली घेतली, पण एक अट घातली. म्हणाल्या, “पाइप फाटका होता हे खरं. पण मी रांगत गेले, पूर्ण थांबले नाही, हेही लिहा वहीत. नाहीतर नवीन शिकणाऱ्या पोरी अर्धंच शिकतील.”

तेही लिहिलंय वहीत. त्या पानावर आता दर महिन्याचा आकडा येतो. गेल्या बैठकीत आकडा किंचित वाढलेला दिसला. ऊसतोड पुन्हा सुरू झालीय. उद्या सकाळी फिल्टर उघडून बघणार आहोत.

तुमच्या गटाकडं गाडी असेल तर तुम्हीही बघा.